सरांचा शब्द आणि बारा खाटा

मला खुर्चीत टेकून बसता येत नाही. बँकेत असो, दवाखान्यात असो, लग्नाच्या हॉलमध्ये असो, मी खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसते. एक टाच उचललेली, हात गुडघ्यापाशी. नवरा चिडवतो, "कुठं पळायचंय तुला?" मी सांगते, खो-खोची सवय आहे. पाटीवर बसलं की पाठीमागून कधी खो येईल सांगता येत नाही, म्हणून असंच बसावं लागतं. लोकांना ते पटतं. पण मैदानावरची सवय मैदान सुटलं की सुटते. माझी सुटली नाही, कारण ती मला सोलापूरच्या एका वसतिगृहात लागली.

गाव माझं जेऊर. बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात सोलापूरच्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक मोटरसायकलवरून आमच्या घरी आले. त्यांनी मला जिल्ह्याच्या स्पर्धेत खेळताना पाहिलं होतं. डोक्याला रुमाल बांधलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. आल्या आल्या तांब्याभर पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "वहिनी, चहा टाका, बोलायचंय." वडील केळीच्या गाड्या भरायला गेले होते, त्यांना बोलावून आणलं. मामाही आला. मामा आमच्याच गल्लीत राहतो, स्टेशनासमोर त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या मागोमाग त्याची मुलगी येऊन दारात उभी राहिली. ती माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान. आम्ही दोघी शाळेच्या मैदानावर एकत्रच तयार झालो, आणि खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा चपळ. मी विचार करून वळायची, ती आधी वळायची.

सर म्हणाले, "पोरगी आमच्या कॉलेजला द्या. वसतिगृहात खाट, दोन वेळचं जेवण, फी माफ. माझा शब्द आहे."

आई म्हणाली, "येवड्या लांब एकटी पोर..."

"एकटी कुठली, वहिनी? पोरीच पोरी आहेत माझ्याकडं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मग सरांनी पिशवीतून निळी जर्सी काढून माझ्या हातात दिली, आईनं नारळ दिला, आणि लग्नात सुपारी फुटावी तसं झालं. आता मागं फिरणं नाही. जाताना सरांचं लक्ष दारातल्या मामेबहिणीकडं गेलं. तिनं माझी जर्सी घेऊन स्वतःच्या ड्रेसवर लावून बघितली होती. सर हसले. "तू पण तयारी ठेव. पुढच्या वर्षी तुला न्यायला येतो," म्हणाले आणि गाडीला किक मारली. मामाला तेवढं बास झालं.

मामानं दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स करायला टाकला. स्टेशनजवळच्या चौकात दोन बांबूंवर तो उभा राहिला. त्यावर निळा टाय घातलेले सर सगळ्यात मोठे. त्यांच्या खांद्यापाशी मी, शाळेच्या ओळखपत्रावरचा घाबरलेला फोटो. खाली मामा, मामाचे मित्र, आणि ज्यांनी मला कधी खेळताना पाहिलं नव्हतं असे बरेच शुभेच्छुक. वर लिहिलं होतं, 'भारताची वेगवान धावपटू'. मी म्हटलं, मामा, मी धावपटू न्हाय, खो-खो खेळते, आणि भारत अजून लई लांब हाय. मामा म्हणाला, "लांब असू दे की. जानारच हायस." त्या फ्लेक्सखालून मी पेटी घेऊन स्टेशनात गेले. लाज वाटत होती आणि मान ताठ होत होती, दोन्ही एकदम.

वसतिगृहात खेळाडूंसाठी दोन खोल्या होत्या. खाटा बारा. आम्ही मुली एकोणीस.

पहिल्या आठवड्यात कुणालाच त्यात काही वाटलं नाही. काही जणी खाली गाद्या टाकून झोपत, काही एका खाटेवर दोघी. माझ्या वाटणीला आली ती मोडनिंबची मुलगी. आम्ही एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायचो, ती मोडनिंब, मी जेऊर. तिच्या वडलांचं हायवेला चहाचं हॉटेल. ती खांबावर सूर मारायची तेव्हा बघणारे श्वास रोखायचे, आणि झोपेतही लाथा झाडायची. माझ्या पोटरीवर तिच्या टाचेचे वळ असायचे. मी म्हणायचे, अगं, मी तुझ्या संघातली आहे. ती म्हणायची, "झोपेत मला कोनाचा संघ कळत न्हाय."

तिसऱ्या वर्षाची कप्तान अक्कलकोटकडची होती. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. तिनंच आम्हाला समजावलं. सर दरवर्षी जागांपेक्षा जास्त मुलींना शब्द देतात. कारण दरवर्षी गळती होते. एखादीचं लग्न ठरतं, एखादी बारावीत अडकते, एखादीचे भाऊ ऐनवेळी नाही म्हणतात. जास्त बोलावल्या तरच बारा उरतात.

"आणि सगळ्याच आल्या तर?" मी विचारलं.

ती खांदे उडवून म्हणाली, "एन माडोदु? काय करनार? मग गनपती झाले की सर गुडघे बघायला लागतात."

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती. त्या वर्षी गळती झालीच नव्हती, सगळ्या आल्या होत्या. आणि गणपती बसले, उठले, आणि सर सरावानंतर एकेकीला बाजूला बोलवायला लागले. "बघू गं गुडघा. सुजलाय का? दुखतो का उतरताना? हे बघ पोरी, गुडघा जपायला पाहिजे. यंदा घरी विश्रांती घे. पुढच्या वर्षी ये, जागा तुझीच. माझा शब्द आहे." आवाज अगदी मायेचा. हातात दुखण्यावर मारायच्या स्प्रेची बाटली.

तेव्हापासून त्या दोन खोल्यांमधलं सगळं वारं फिरलं. खो-खो खेळणाऱ्या मुलीचं काहीतरी दुखतंच. पण आता कुणाचं काहीच दुखेना. जिना उतरताना मुद्दाम दोन-दोन पायऱ्या उतरायच्या, तेही हसत. मेसमध्ये रांगेत उभ्या असताना उगाच जागच्या जागी उड्या मारायच्या. कुणी जरा टेकून बसलं की बाकीच्या बघायच्या, हिचं काय दुखतंय? मी तर बसायचंच सोडलं. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत पाठांतर करायची. एकमेकींवर प्रेम होतं, कपडे एकमेकींचे घालत होतो, शेंगाचटणीचा डबा एकच होता. आणि मनात प्रत्येकीच्या हेच, की जाऊ दे कुणीतरी, पण मी नको. ते दिवस आठवले की मला सरांचा आजही राग येतो. खाटांचं सोडा, आम्हाला एकमेकींचे पाय मोजायला लावले याचा.

आणि मग नेमका माझाच पाय मुरगळला. सरावात वळताना डावा गुडघा आतून कळवळला. मी पडले नाही, तोंडातून आवाजही काढला नाही. मोडनिंबनं मात्र ओळखलं. आमच्या मेसच्या मावशींचा नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर कामाला होता. त्यांच्याकडचा एक जाड टॉवेल ओला करून तिनं माझ्या गुडघ्याला बांधला, वरून सलवार. चार दिवस मी तशी खेळले. पाचव्या दिवशी सरांनी बोलावलं.

"बघू गं गुडघा."

मी म्हटलं, काही नाही झालं सर.

"मला डोळे आहेत, पोरी. यंदा घरी विश्रांती..."

"सर, गावात चौकात फ्लेक्स हाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून तेवढंच निघालं. खरं तर अभ्यास, खेळ, आईचा नारळ, बरंच म्हणायचं होतं. पण डोळ्यांसमोर आला तो फ्लेक्स, आणि त्याखालून पेटी घेऊन परत जाणारी मी. लोक विचारतील, भारत बघून आली व्हय इतक्यात?

सर म्हणाले, "फ्लेक्स काय, उतरवता येतो."

तिथं माझं डोकं फिरलं. मी लंगडतच, आता लपवायचं काय राहिलं होतं, खोलीवर आले आणि पेटी भरायला घेतली. मोडनिंबनं पेटीचं झाकण धाडकन लावलं. "घरी न्हाय जायचं. मॅडमकडं जायचं," ती म्हणाली. प्राचार्य मॅडम त्याच वर्षी नव्यानं आल्या होत्या.

आम्ही सगळ्याच गेलो, अगदी अक्कलकोटची कप्तानसुद्धा, तिला काही धोका नसताना. मॅडमनी आधी सरांनाच बोलावलं. सर म्हणाले, या सगळ्या चाचणीसाठी आलेल्या मुली आहेत, खाट कुणालाच कबूल केलेली नव्हती. हे ऐकून मोडनिंबनं मोबाइल काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. हायवेवरच्या हॉटेलासमोर तिचा फ्लेक्स. मग मी माझा काढला. मग एकेक करत सगळ्यांनी. टेबलावर गावोगावचे फ्लेक्स पसरले. कुणी 'सोलापूरची वाघीण', कुणी 'गावाची शान', एकीच्या फ्लेक्सवर तर चक्क 'कॉलेजच्या वसतिगृहात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आणि प्रत्येकावर सर. तोच निळा टाय, तेच हसू. मॅडम आधी हसल्या. मग बघता बघता त्यांचं हसू गेलं.

"सर, हे तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

सरांनी एक मोबाइल उचलून पाहिला, परत ठेवला. मग जे बोलले ते मला तेव्हा निमित्त वाटलं, आता तसं वाटत नाही. "मॅडम, मी दहा घरांत जातो तेव्हा दोन घरं पोरगी पाठवतात. मी जागा तेवढीच घरं फिरलो तर संघ कुठून उभा करू? या वर्षी पहिल्यांदा सगळ्या दारांनी हो म्हटलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि मी स्प्रेची बाटली घेऊन फिरतोय."

मॅडमनी नियम केला. जेवढ्या खाटा मोकळ्या, तेवढेच शब्द. दुखापत झाली म्हणून कुणाची खाट जाणार नाही. आलेल्या एकोणीस जणी राहतील. टेबल टेनिसचं टेबल व्हरांड्यात गेलं आणि त्या खोलीत सात गाद्या पडल्या. मात्र मुलींची संख्या बाराच्या खाली येईपर्यंत सरांनी एकाही नव्या मुलीला शब्द द्यायचा नाही. आम्ही बाहेर येऊन इतका दंगा केला की शिपाई ओरडायला आला. मी एका पायावर नाचत होते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. मोबाइल कसे टेबलावर पडले, मॅडम कशा हसायच्या थांबल्या. मामेबहीण डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी मी मामाला नियमही सांगितला. तिसऱ्या वर्षाच्या तीनच मुली जाणार, सोळा उरणार, म्हणजे पुढच्या वर्षी कुणालाच जागा नाही. हिला दुसरं कॉलेज बघा. मामा हसला. "आगं, तू हायस की तितं. नियम परक्यास्नी असत्यात."

मी फोनवरही दोनदा सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. जूनमध्ये एका सकाळी वसतिगृहाच्या फाटकात मामा उभा, शेजारी पेटी, आणि पेटीवर बसलेली ती. पुढच्या कडेवर, एक टाच उचलून. गाडीतून उतरल्यापासून ती तशीच बसली असावी.

मामानं आम्हा दोघींना घेऊन थेट मॅडमची खोली गाठली आणि मोबाइल टेबलावर ठेवला. माझ्या गोष्टीतलं त्याच्या नीट लक्षात राहिलं होतं. चौकात माझ्या फ्लेक्सशेजारी नवा फ्लेक्स, त्यावर त्याची मुलगी, आणि निळ्या टायातले सर.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "सर या वर्षी तुमच्या गावी आले होते?"

"नाही, मॅडम. तो फोटो माझ्याच फ्लेक्सवरून घेतलाय." मामाची मान वळली. मी घाईनं म्हटलं, "पण माझ्या वेळी दारात हिला म्हणाले होते, पुढच्या वर्षी न्यायला येतो."

सर तिथंच होते. त्यांनी मान हलवली. "म्हणालो होतो," ते म्हणाले.

मॅडमनी मोबाइल मामाकडं परत सरकवला. मग मला म्हणाल्या, "खाट नसताना दिलेला शब्द आहे. असे शब्द सरांनी आणखी किती दारांत दिले असतील, त्यांनाही आठवणार नाही. हा एक धरला तर सगळे धरावे लागतील. नियम तुझ्यामुळं झालाय. तू सांग, धरू?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारायला नको होता. मी लहान होते. त्याबद्दल मी त्यांनाही माफ केलेलं नाही. मी मामाकडं बघितलं नाही, तिच्याकडं बघितलं. माझ्यापेक्षा आधी वळणारी मुलगी. ती हसत होती, कारण उत्तर काय येणार याची तिला खात्री होती. माझ्यासमोर टेबल टेनिसच्या खोलीतल्या गाद्या आल्या, जिन्यावरच्या खोट्या उड्या आल्या, टॉवेलात गुंडाळलेला माझा गुडघा आला. एक आली की दुसरी येईल, आणि पुन्हा कुणाचा तरी गुडघा बघायची वेळ येईल.

"नका धरू, मॅडम," मी म्हटलं.

फाटकापाशी मामा एकच वाक्य बोलला. "मग तू तरी ऊट की. तुज्या जागंवर हिला बसू दे." आमच्या खेळात हेच असतं. खो दिला की बसलेलीनं उठायचं आणि देणारीनं त्या जागी बसायचं. ती पेटीची एक कडी धरून उभी राहिली. मी उठले नाही. मला ती खाट हवी होती, कुणाहीइतकी हवी होती. त्यांची रिक्षा स्टेशनकडं वळेपर्यंत मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते.

त्या वर्षी तिला दुसरीकडं प्रवेश मिळाला नाही, आणि पुढच्या वर्षी मामानंच विषय काढला नाही. मी तीन वर्षं खेळले, पदवी घेतली, आता एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. नियम अजून आहे. सर हल्ली एखाद्या घरी गेले तर आधी खाट मोकळी आहे का बघून जातात असं ऐकते, आणि मला बरं वाटतं. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. कितीही वेळा तो प्रसंग मनात फिरवला, उत्तर तेच येतं. नुसतं बसवत नाही.

ती गावातच आहे. लग्न जवळच झालं, दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला घालते, तिचं चांगलं चाललंय. गेल्या महिन्यात मी तिच्याकडं गेले. अंगणात कडब्याच्या गंजीवर दोन फ्लेक्स दोरीनं बांधलेले. मामानं चौकातून उतरवून तिला दिले होते, वैरण झाकायला. उन्हानं तिच्या फ्लेक्सवरचा चेहरा पार उडालाय. माझा अजून बऱ्यापैकी दिसतो.

मी बघतेय हे बघून ती म्हणाली, "ताई, तुजं तोंड रोज बघती मी. सकाळी उचलती, वैरन काडती, परत झाकती." बोलण्यात कडवटपणा काही नव्हता. असता तर मी भांडले तरी असते.

मग तिनं सावलीत बाज ओढली, वर धुतलेली चादर अंथरली आणि चहा ठेवायला आत गेली. परत आली तेव्हा मी बाजेच्या कडेवर होते, टाच उचललेली.

"बस की नीट," ती म्हणाली. "हितं कोन उटवतंय तुला?"